१५०४ आणि ९३७: सनचा जुना मॉनिटर पीसीच्या कार्डावर

सन, एचपी, सिलिकॉन ग्राफिक्स यांच्या वर्कस्टेशनसोबत आलेले १६ आणि १९ इंची जाडजूड मॉनिटर अजूनही भंगारवाल्याकडे किंवा एखाद्या कॉलेजच्या अडगळीत मिळून जातात. नळी चांगली असते, अक्षरं धारदार उमटतात, पण पीसीला जोडलं की पडद्यावर एकतर काळोख, नाहीतर तिरक्या रेघांचं जाळं. बरेच जण इथेच मॉनिटर गेलाय असं समजून नाद सोडतात. मॉनिटर गेलेला नसतो. तो एकाच आडव्या फ्रिक्वेन्सीसाठी, म्हणजे सेकंदाला ठरावीक इतक्याच ओळी काढण्यासाठी, बनवलाय आणि पीसी त्याला ती फ्रिक्वेन्सी देत नाहीये, एवढंच झालेलं असतं.

इथे सनचा ११५२×९००, ६६ हर्ट्झचा रंगीत मॉनिटर उदाहरणाला घेतलाय. आकडे बदलले की हीच रीत इतरांनाही लागू पडते. एचपीच्या १२८०×१०२४, ७२ हर्ट्झवाल्या मॉनिटरला आडवी फ्रिक्वेन्सी ७८.१२५ किलोहर्ट्झ लागते, तर सिलिकॉन ग्राफिक्सच्या १२८०×१०२४, ६० हर्ट्झला ६३.९. नऊ पिनांचे जुने टीटीएल (फक्त चालू-बंद असे डिजिटल सिग्नल घेणारे) मॉनिटर, म्हणजे एमडीए, सीजीए, ईजीए, यांना ॲनालॉग सिग्नल समजतच नाही. त्यांचा विषय वेगळा, तो इथे घेतलेला नाही.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. पीसी चालू झाला की त्यातलं डिस्प्ले कार्ड ७२०×४०० चा टेक्स्ट मोड लावतं. त्याची आडवी फ्रिक्वेन्सी ३१.४६९ किलोहर्ट्झ आणि उभी, म्हणजे सेकंदाला किती पूर्ण पडदे, ७० हर्ट्झ. सनच्या मॉनिटरला हवेत ६१.८ किलोहर्ट्झ. मल्टिसिंक मॉनिटर येणारी फ्रिक्वेन्सी ओळखून आतलं व्होल्टेज आणि कपॅसिटर बदलून घेतो. फिक्स्ड मॉनिटरमध्ये योक (नळीच्या मानेवरची, किरण वळवणारी कॉइल), रिट्रेसचा, म्हणजे किरण ओळीच्या सुरुवातीला परतवण्याचा, कपॅसिटर आणि बी-प्लस व्होल्टेज (या सर्किटचा मुख्य पुरवठा) ही तिन्ही एकाच आकड्याला जुळवून ठेवलेली असतात. आउटपुट ट्रान्झिस्टर चालू असेपर्यंत योकमधला करंट एकसारखा चढत जातो. फ्रिक्वेन्सी खाली आली की ट्रान्झिस्टर जास्त वेळ चालू राहतो, करंटचा माथा वर जातो, आणि ट्रान्झिस्टर बंद होण्याच्या क्षणी उसळणारं व्होल्टेजही त्या प्रमाणात वाढतं. तो ट्रान्झिस्टर उडतो तो यामुळे. फ्रिक्वेन्सी वर गेली तर धोका कमी, फक्त चित्र आक्रसतं आणि ईएचटी, म्हणजे नळीला लागणारं अतिउच्च व्होल्टेज, उतरते.

वर्कस्टेशनच्या बहुतेक मॉनिटरमध्ये स्वतःचा ऑसिलेटर असतो. सिंक, म्हणजे ओळ किंवा पडदा कधी सुरू करायचा हे सांगणारा कार्डाचा पल्स, ओळखीची नसेल तर तो आपल्याच गतीनं चालत राहतो, त्यामुळे दोन-चार सेकंद चुकीचा सिग्नल गेला म्हणून लगेच काही जळत नाही. पण त्यावर विसंबू नका. आयबीएमच्या ५१५१ सारख्या काही मॉनिटरमध्ये कार्डाकडून येणारी सिंकच थेट डिफ्लेक्शनला (किरण वळवणाऱ्या भागाला) चालवते, तिथे चुकीला माफी नाही. नियम साधा ठेवा: योग्य मोड लागल्याची खात्री होईपर्यंत मॉनिटरचं बटण बंद.

आकडे मिळवणं

मॉनिटरच्या मागच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो, त्यावरून सर्व्हिस मॅन्युअल शोधा. लेबल वाचताना व्होल्टेजही बघून घ्या. अमेरिकेहून आलेला असेल आणि त्यावर फक्त ११० व्होल्ट लिहिलं असेल, तर आपल्याकडच्या २३० ला लावण्याआधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही मॉनिटरचे वॅट बघून घेतलेला.

मॅन्युअल नाही आणि लेबलही फाटलंय, अशा वेळी एक युक्ती हमखास चालते. मॉनिटर कोणताही सिग्नल न देता चालू करा. ऑसिलोस्कोपच्या प्रोबला इंचभर वायरचा फास लावा आणि तो कॅबिनेटच्या बाहेरून, फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर (ईएचटी तयार करणारा) असेल त्या बाजूला धरा. कॅबिनेट उघडायचं नाही, काही टेकवायचं नाही. स्कोपवर फ्लायबॅकचे टोकदार पल्स दिसतील. दोन पल्समधलं अंतर १६.२ मायक्रोसेकंद आलं तर ६१.८ किलोहर्ट्झ, १२.८ आलं तर ७८. मोकळा चालणारा ऑसिलेटर खऱ्या फ्रिक्वेन्सीच्या एक-दोन टक्के इकडेतिकडे असतो, पण कोणत्या घराण्याचा मॉनिटर आहे ते ओळखायला तेवढं पुरतं.

सनच्या या मोडची मोडलाइन, म्हणजे कार्डाला टायमिंग सांगणारी ओळ, अशी आहे:

मोडलाइन "११५२×९००" ९२.९४ ११५२ ११९२ १३२० १५०४ ९०० ९०२ ९१० ९३७ +एचसिंक −व्हीसिंक

पहिला आकडा पिक्सेल क्लॉक, मेगाहर्ट्झमध्ये. पुढचे चार आडवे: दिसणारे पिक्सेल ११५२, सिंक सुरू ११९२ वर, सिंक संपते १३२० वर, पूर्ण ओळ १५०४ ची. नंतरचे चार उभे, त्याच क्रमानं, ओळींमध्ये. ९२.९४ ला १५०४ नं भागा, ६१.७९५ किलोहर्ट्झ येतात. त्याला ९३७ नं भागा, ६५.९५ हर्ट्झ. सिंकची रुंदी १२८ पिक्सेल म्हणजे १.३८ मायक्रोसेकंद, तिच्यानंतरची मोकळी जागा, म्हणजे बॅक पोर्च, १८४ पिक्सेल, १.९८ मायक्रोसेकंद. तुमच्या मॉनिटरची तयार मोडलाइन मिळाली नाही तर याच मायक्रोसेकंदांच्या आसपास राहून स्वतः बांधा. आडवे आकडे ८ च्या पटीत ठेवा, बऱ्याच कार्डांना दुसरे चालत नाहीत. सीव्हीटी किंवा जीटीएफ या टायमिंगच्या ठरावीक सूत्रांचं गणित करणारे प्रोग्रॅम इथे उपयोगाचे नाहीत. ते उभ्या फ्रिक्वेन्सीपासून सुरुवात करून आडवी स्वतः ठरवतात, आणि आपल्याकडे आडवी आधीच ठरलेली आहे.

या ओळीतले दोन आकडे पाठ करून ठेवा: १५०४ आणि ९३७. मॉनिटरला ११५२ किंवा ९०० यांच्याशी काही देणंघेणं नाही. एक ओळ किती वेळात संपते आणि एक पडदा किती ओळींत संपतो, एवढंच त्याला कळतं. ही दोन टोटल आणि क्लॉक जागेवर राहिले तर आतल्या चित्राचं काहीही करता येतं. ते पुढे दाखवलंय.

कार्ड

व्हीजीए सॉकेट असलेलं कोणतंही जुनं कार्ड चालेल. मॅट्रॉक्सची मिलेनियमपासून जी४०० पर्यंतची कार्डं या कामाला उत्तम, त्याचं कारण पुढे येईल. नव्या कार्डांत ॲनालॉग आउटपुटच उरलेलं नाही. एएमडीनं ते २०१३ च्या आर९ २९० मध्ये काढलं, एनव्हीडियानं २०१६ च्या जीटीएक्स १०८० मध्ये. तिथे डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआयचा व्हीजीए अडॅप्टर लावावा लागतो. अडॅप्टर म्हणजे एक छोटा डीएसी, डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप. कार्डानं दिलेलं टायमिंग तो साधारण जसंच्या तसं पुढे पाठवतो, आणि ९३ मेगाहर्ट्झ त्याला जड नाहीत.

लिनक्सवर एक्सच्या (पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिग फाइलीतल्या मॉनिटर विभागात मोडलाइन लिहा आणि तिथेच आडव्या फ्रिक्वेन्सीची हद्द ६१.३ ते ६२.३, उभीची ६५ ते ६७ अशी घट्ट बांधा. ही हद्द फार महत्त्वाची. ती सैल राहिली तर एखादा गेम ६४०×४८० मागेल आणि एक्स त्याला ते देऊन मोकळा होईल. हद्द घट्ट असली की असे सगळे मोड सुरुवातीलाच गाळले जातात. विंडोजवर जुन्या आवृत्त्यांत पॉवरस्ट्रिप आणि नव्यात सीआरयू, म्हणजे कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, वापरून हेच आकडे भरता येतात.

मोड लावल्यावर पहिल्यांदा साधा एलसीडी जोडा, जुना मॉनिटर नाही. बहुतेक एलसीडींच्या मेन्यूत माहितीचं पान असतं, त्यावर येणारी आडवी आणि उभी फ्रिक्वेन्सी दिसते. तिथे ६१.८ आणि ६६ दिसलं की पुढची पायरी. एलसीडीवर चित्र सरकलेलं किंवा ताणलेलं दिसेल, ते सोडून द्या, इथे फक्त आकडे बघायचेत. स्कोप असेल तर व्हीजीएच्या १३ नंबर पिनवर १६.१८ मायक्रोसेकंद मोजा. कार्डाच्या क्लॉक जनरेटरला नेमके ९२.९४ जमत नाहीत, तो जवळचा आकडा घेतो. पाव टक्क्याचा फरक मॉनिटर सहज पचवतो.

केबल आणि सिंक

खरी कारागिरी इथे लागते. व्हीजीए कार्ड पाच वायरींवर काम करतं: लाल पिन १, हिरवा २, निळा ३, आडवी सिंक १३, उभी सिंक १४. रंगांच्या परतीच्या वायरी ६, ७, ८ वर आणि सिंकची परत १० वर. वर्कस्टेशनच्या मॉनिटरांना बहुतेक वेळा चार वायरी लागतात, म्हणजे तीन रंग आणि एक कंपोझिट सिंक (आडवी आणि उभी एकाच वायरवर), किंवा फक्त तीन, म्हणजे सिंक हिरव्यातच मिसळलेली.

मागे बीएनसी, म्हणजे फिरवून बसवायचे गोल, सॉकेट असतील तर ते मोजूनच अंदाज येतो. पाच सॉकेट असले तर काम सोपं, सिंक वेगळ्या आहेत. सनच्या मॉनिटरला १३डब्ल्यू३ नावाचा कनेक्टर असतो. त्यात तीन जाड कोॲक्स (मधे तार, भोवती आवरण) पिना, ए१ लाल, ए२ हिरवा, ए३ निळा, आणि दहा बारीक पिना. सनमध्ये कंपोझिट सिंक ५ नंबरवर आणि तिची जमीन (ग्राउंड) १० वर. इथे एक सापळा आहे: सिलिकॉन ग्राफिक्सनं तोच कनेक्टर वापरला पण कंपोझिट सिंक ३ नंबरवर ठेवली. म्हणून बाजारात मिळणारी १३डब्ल्यू३ केबल कोणासाठी आहे ते मल्टिमीटरनं तपासल्याशिवाय लावू नका. कनेक्टर चपखल बसतो, चित्र मात्र येत नाही.

रंगांच्या वायरींना ७५ ओहमची कोॲक्स हवी. साध्या वायरी वापरल्या तर ९३ मेगाहर्ट्झला प्रत्येक उभ्या रेघेमागे सावली येते. बीएनसीच्या जोड्या (सिग्नल आत घ्यायला आणि पुढे द्यायला) असलेल्या मॉनिटरला मागे ७५ ओहमचा, म्हणजे वायरीच्या टोकाला रोध लावणारा (टर्मिनेशनचा), एक स्विच असतो. तो बंद राहिला तर चित्र जवळपास दुप्पट भडक आणि सावल्यांनी भरलेलं दिसतं. दोन ठिकाणी टर्मिनेशन झालं तर चित्र मंद. नवखे लोक अशा वेळी ब्राइटनेसचा नॉब फिरवत बसतात. आधी तो स्विच बघा.

आता आडवी आणि उभी सिंक एकत्र करणं. डायोडनं किंवा साध्या अँड गेटनं दोन्ही जोडता येतात, आणि बऱ्याच सर्किटांत तसंच दाखवतात. अडचण अशी की उभी सिंक चालू असेपर्यंत आडवे पल्स पूर्ण गायब होतात. मॉनिटरचा आडवा ऑसिलेटर तेवढ्या ओळी भरकटतो आणि चित्राचा माथा बाजूला झुकतो. एक्सऑर गेट, म्हणजे दोन इनपुट वेगळे असतील तरच १ देणारा, वापरला की आडव्याच्या कडा उभ्या सिंकच्या आतही शिल्लक राहतात.

त्यासाठी ७४एचसीटी८६ घ्या. एचसी नको, एचसीटीच घ्या. कारण बऱ्याच कार्डांची सिंक ३.३ व्होल्टपर्यंतच चढते, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसीला हाय समजायला ३.५ लागतात. कार्डाची पिन १३ गेटच्या पिन १ ला, पिन १४ गेटच्या पिन २ ला, आणि पिन ३ वर कंपोझिट सिंक. पुरवठा व्हीजीएच्या ९ नंबर पिनवर येणाऱ्या ५ व्होल्टमधून आयसीच्या पिन १४ ला, जमीन पिन ७ ला, आणि त्या दोघांमध्ये आयसीच्या अगदी अंगाला १०० नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर. न वापरलेल्या गेटांचे इनपुट जमिनीला बांधा, हवेत सोडू नका. काही जुन्या कार्डांत पिन ९ रिकामी असते. तिथे ५ व्होल्ट यूएसबीतून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत यातलं सगळं सुटं मिळतं.

मोडलाइनमध्ये एचसिंक अधिक आणि व्हीसिंक उणे का, ते आता कळेल. मॉनिटरला कंपोझिट सिंक उलटी हवी असते: एरवी हाय, सिंकला लो. आडवी सिंक अधिक म्हणजे एरवी ०, उभी उणे म्हणजे एरवी १. दोघांचं एक्सऑर एरवी १, आणि आडवा पल्स आला की ०. एकही जास्तीचा गेट न लावता हवी ती दिशा मिळाली. दोन्ही उणे ठेवल्या तर आउटपुट उलटं येतं. मग दुसऱ्या एक्सऑरचा एक पाय ५ व्होल्टला बांधून ते फिरवून घ्यावं लागतं. कार्डाचा ड्रायव्हर किंवा अडॅप्टर ध्रुवता (अधिक की उणे) स्वतःच ठरवत असेल तर या दुसऱ्या गेटसाठी एक जंपर ठेवून द्या, उपयोगी पडतो.

उभ्या सिंकच्या आत मात्र एक्सऑरची खाली उतरणारी कड आडव्या पल्सच्या शेवटी पडते, म्हणजे १.३८ मायक्रोसेकंद उशिरा. आठ ओळी असं चाललं की ऑसिलेटर थोडा मागे सरकतो आणि त्यानंतरच्या २७ ओळींत परत जागेवर येतो. एखादा सुस्त मॉनिटर येत नाही, आणि वरच्या सेंटिमीटरभर चित्राला बाक राहतो. अशा वेळी उभी सिंक आठऐवजी चार ओळींची करा: ९०२ ९०६ ९३७. सावरायला चार ओळी जास्त मिळतात, टोटल तेच राहतं.

मॉनिटरच्या सिंक इनपुटलाही ७५ ओहम लावलेले असतील, आणि ते मल्टिमीटरनं बंद अवस्थेत मोजून कळतं, तर एचसीटीचा दम पुरत नाही. तिथे ७४एसीटी८६ घ्या, दोन गेटांचे इनपुट एकत्र आणि आउटपुटही एकत्र करा, आणि पुढे ६८ ओहम सिरीजमध्ये. मॉनिटरपाशी साधारण २.६ व्होल्ट मिळतात, तेवढे पुरतात.

हिरव्यातली सिंक हवी असेल तर मॅट्रॉक्सची कार्डं कामाला येतात. त्यांचा डीएसी सिंक स्वतःच हिरव्यात मिसळू शकतो आणि लिनक्सच्या एमजीए ड्रायव्हरमध्ये सिंक-ऑन-ग्रीन नावाचा पर्यायच आहे. तो चालू केला की बाहेर काहीही बांधायला नको. दुसऱ्या कार्डांसाठी वर बनवलेली उलटी कंपोझिट सिंक ५६० ओहममधून हिरव्या वायरला जोडा. हिशोब असा: हिरव्या वायरवर कार्डाकडचे ७५ आणि मॉनिटरकडचे ७५ समांतर, म्हणजे ३७.५ ओहम. सिंक नसताना गेट ५ व्होल्टवर, साधारण ८ मिलिअँपिअर वाहतात आणि सगळं हिरवं चित्र ०.३ व्होल्टनं वर उचललं जातं. सिंकला गेट खाली येतं, उचल नाहीशी होते, आणि मॉनिटरला ०.३ व्होल्टचा खड्डा दिसतो. त्यालाच तो सिंक म्हणतो. ५६० ओहमचा थोडा भार हिरव्यावर पडतो, सहा टक्क्यांच्या आसपास, तो हिरव्याचा गेन वाढवून भरून काढा. एक लक्षात ठेवा: वेगळी सिंक घेणाऱ्या मॉनिटरला असा हिरवा दिला तर काळा रंग हिरवट पडतो.

बूट होतानाचा अंधार

बायोसचा टेक्स्ट मोड या मॉनिटरवर दिसणार नाही, हे मान्य करूनच चालायचं. त्यात एक गंमत आहे. ३१.४६९ ची दुप्पट ६२.९४, आणि ती सिलिकॉन ग्राफिक्सच्या ६३.९ च्या किंवा सनच्या ६१.८ च्या बरीच जवळ येते. काही मॉनिटर तिच्यावर अडकतात. मग प्रत्येक ओळ दोन फेऱ्यांत विभागली जाते आणि अक्षरं दुप्पट रुंद होऊन पडद्याचा डावा अर्धा भाग उजव्यावर चढलेला दिसतो. नेट लावून वाचता येतं, पण मुद्दाम त्यावर चालवत ठेवू नका.

सगळ्यात बिनघोर उपाय म्हणजे दुसरं आउटपुट. बायोससाठी एक जुना एलसीडी त्याच कार्डाच्या दुसऱ्या सॉकेटला लावून ठेवा. दोन आउटपुट नसतील तर सीरियल कन्सोल (सीरियल पोर्टवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टेक्स्ट बघणं), किंवा मॉनिटरचं बटण डेस्कटॉप आल्यावरच दाबायचं.

जुन्या लिनक्सवर एक्समधून टेक्स्ट कन्सोलवर गेलं की कार्ड परत ३१.५ वर जायचं, म्हणून त्या काळी एसव्हीजीए-टेक्स्टमोड नावाचा प्रोग्रॅम वापरून कन्सोलच मॉनिटरच्या फ्रिक्वेन्सीवर आणत. कर्नलमध्येच मोड लावण्याची सोय आल्यापासून ही कटकट संपली. कर्नलला हवी ती ईडीआयडी (मॉनिटरला कोणते मोड चालतात ते सांगणारी) फाइल फर्मवेअरच्या फोल्डरमधून द्यायचं पॅरामीटर आहे, आणि कनेक्टर सक्तीनं चालू ठेवण्याचंही. फाइल इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला उलगडणाऱ्या फाइलींच्या गाठोड्यात, घातली की कर्नलनं डिस्प्ले हातात घेतल्याक्षणी ६१.८ किलोहर्ट्झ सुरू होतात, आणि कन्सोल व डेस्कटॉप दोन्ही त्याच मोडमध्ये राहतात.

रेघा मोजणं

मॉनिटर लावला आणि तिरक्या रेघा आल्या, तर त्या मोजा. वरपासून खालपर्यंत जितके तिरके पट्टे, तितक्या वेळा एका पडद्यात ऑसिलेटर आणि सिग्नल एकमेकांना चुकवतायत. दहा पट्टे असतील तर फरक १० गुणिले ६६, म्हणजे ६६० हर्ट्झ, एक टक्क्याच्या जरा वर. पिक्सेल क्लॉक एक मेगाहर्ट्झनं हलवून बघा. पट्टे कमी झाले तर दिशा बरोबर, वाढले तर उलटी. अंदाजानं चाचपडण्यापेक्षा या हिशोबानं तीन-चार फेऱ्यांत मॉनिटर पकडीत येतो. आतला होल्डचा प्रीसेट (ऑसिलेटरची गती जुळवणारा) फिरवायची घाई करू नका. तो कारखान्यात बसवलेला आहे, आणि आत नळीच्या ॲनोडला २० किलोव्होल्टच्या वर ईएचटी असते, जी मॉनिटर बंद केल्यावरही टिकून राहते.

चित्र स्थिर आहे पण डावी कड स्वतःवरच दुमडलीय, म्हणजे बॅक पोर्च कमी पडतोय. फ्रंट पोर्चमधून, म्हणजे सिंकच्या आधीच्या मोकळ्या जागेतून, काढून तिकडे द्या, ८ पिक्सेलच्या टप्प्यांत, १५०४ न बदलता. पांढरी खिडकी उघडल्यावर काळा रंग बदलतो, तेव्हाही बहुधा बॅक पोर्चच बघायचा, कारण मॉनिटर तिथेच काळ्याची पातळी मोजून घेतो. चित्र उभं घरंगळत असेल तर आडवी बरोबर आहे, ९३७ चुकलंय किंवा उभी सिंक पोचत नाहीये.

दुसरी रिझोल्यूशनं

एखाद्या जुन्या प्रोग्रॅमला १०२४×७६८ हवं असतं. ते याच चौकटीत बसवता येतं. आडवे १२८ पिक्सेल कमी झाले, ६४ दोन्ही बाजूंना वाटले. उभ्या १३२ ओळी कमी, ६६ वर आणि ६६ खाली:

मोडलाइन "१०२४×७६८" ९२.९४ १०२४ ११२८ १२५६ १५०४ ७६८ ८३६ ८४४ ९३७ +एचसिंक −व्हीसिंक

मॉनिटरला काहीच बदल जाणवत नाही. पडद्यावर चारी बाजूंनी काळी पट्टी आणि मधे १०२४×७६८. जुन्या गेमसाठी डबलस्कॅन वापरा, त्यात कार्ड प्रत्येक ओळ दोनदा काढतं:

मोडलाइन "५७६×४५०" ४६.४७ ५७६ ६०० ६६४ ७५२ ४५० ४५१ ४५५ ४६८ +एचसिंक −व्हीसिंक डबलस्कॅन

क्लॉक अर्धा, टोटल अर्धं, आडवी फ्रिक्वेन्सी तीच. ९३७ चे दोन सारखे भाग होत नाहीत म्हणून ४६८, म्हणजे ९३६ ओळी आणि ६६.०२ हर्ट्झ. एवढा फरक उभ्या ऑसिलेटरला कळतही नाही.

कायमचा बंदोबस्त: आठ पायांची ईडीआयडी

दर वेळी फाइली भरण्यापेक्षा मॉनिटरलाच ओळख देऊन टाकलेली बरी. २४सी०२ ही आठ पायांची ईईप्रॉम (वीज गेली तरी लिहिलेलं टिकवणारी मेमरी) घ्या. तिच्या १, २, ३, ४ पिना जमिनीला, ५ व्हीजीएच्या १२ ला, ६ व्हीजीएच्या १५ ला, ८ ला व्हीजीएच्या ९ वरचे ५ व्होल्ट. लिहून झालं की ७ पण ५ व्होल्टला बांधा, म्हणजे कोणी चुकून पुसणार नाही. हे सगळं सिंकच्या त्याच छोट्या बोर्डावर मावतं.

१२८ बाइटांच्या ईडीआयडीत, शून्यापासून मोजत, ५४ व्या बाइटपासून पहिल्या मोडचे १८ बाइट सुरू होतात. आपल्या मोडचे, दशमान आकड्यांत:

७८ ३६ १२८ ९६ ६५ १३२ ३७ ४८ ४० १२८ ४० ० ० ० ० ० ० २६

पहिले दोन म्हणजे क्लॉक, १० किलोहर्ट्झच्या एककात: ३६ गुणिले २५६ अधिक ७८, बरोबर ९२९४. पुढचे तीन म्हणजे ११५२ आणि तिच्यासोबतची मोकळी जागा ३५२. नंतरचे तीन म्हणजे ९०० आणि ३७. मग आडवी सिंक ४० पिक्सेलनंतर, १२८ रुंद. त्यानंतरच्या ४० मध्ये उभी सिंक दोन ओळींनंतर, आठ ओळींची. शेवटचे २६ म्हणजे वेगळ्या सिंक, आडवी अधिक, उभी उणे. वर उभी सिंक चार ओळींची केली असेल तर तो दुसरा ४० बदलून ३६ करा.

३५ ते ३७ हे तीन बाइट शून्य ठेवा आणि ३८ ते ५३ सगळे १. नेहमीचे ६४०×४८०, ८००×६०० असे मोड तिथूनच जाहीर होतात, आणि आपल्याला ते नकोतच. शेवटचा, १२७ वा बाइट असा निवडा की सगळ्या १२८ बाइटांची बेरीज २५६ नं नि:शेष भागली जाईल. ती चुकली तर कार्ड पूर्ण ईडीआयडी फेकून देतं आणि १०२४×७६८ सारखा काहीतरी आपल्या मनानं लावतं. यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या अवतारावर, चालणारी बरीच कार्डं ही ईईप्रॉम वाचून सुरुवातीचा लोगो आणि बूट मेन्यूही ११५२×९०० मध्ये काढतात. जुन्या बायोसवर टेक्स्ट मोड तसाच ३१.५ चा राहतो.

शेवटचं काम पॉवर सेव्हिंगचं. डीपीएमएस, म्हणजे सिंक थांबवून मॉनिटर झोपवण्याची सोय, पूर्ण बंद करा. या मॉनिटरांच्या वेळी डीपीएमएस नव्हतंच. कार्डानं सिंक थांबवली की त्यांना ती झोपायची खूण वाटत नाही, ते मोकळ्या ऑसिलेटरवर रात्रभर तसेच चालू राहतात. स्क्रीनसेव्हरला फक्त काळा पडदा सांगा, सिंक चालू राहू द्या, आणि उठताना मॉनिटरचं बटण बंद करा.